पिंपांतला समुद्र

ज्याचा जन्म समुद्राच्या कांठीं गेला त्यानें म्हातारपणीं समुद्राचें पाणी पिंपांत घोटीत बसावें, ही गोष्ट थोडी हास्यास्पद आहे खरी. मालवणांत आमच्या घराच्या पडवींतून सिंधुदुर्गाचा तट दिसे, आणि रात्रीं भरतीची गाज थेट उशाशीं येई. खारें पाणी तोलून-मापून तयार करावें लागतें असें त्या काळीं मला कोणी सांगितलें असतें, तर मीं त्याला खुशाल वेड्यांत काढलें असतें. परंतु नोकरी संपली, घरांत एकटा उरलों, आणि गेलीं तीन वर्षें मी माझ्या मुलीकडे अमेरिकेंत मिनिआपोलिस येथें राहतों आहें. या शहरांत सरोवरें पुष्कळ. हिंवाळ्यांत तीं गोठलीं कीं माणसें त्यांच्यावरून चालत जातात. समुद्र मात्र कोणत्याहि दिशेला जवळ नाहीं. जो आहे तो आमच्या बैठकीच्या खोलींत, चारशें लिटरांच्या एका कांचेच्या टाकींत आहे. आणि दर शनिवारीं त्याचें थोडें जुनें पाणी काढून नवें घालण्याचें काम माझ्याकडे असतें.

माझ्या मुलीला माशांपेक्षां पोंवळ्यांचा नाद अधिक. पोंवळें म्हटलें कीं आपल्याला अंगठींतला तांबडा खडा आठवतो. तिच्या टाकींतलीं पोंवळीं जिवंत आहेत. दगडासारखी दिसणारी एकेक फांदी म्हणजे शेंकडों इवल्या जीवांचें गांव; त्या प्रत्येकाच्या तोंडाभोंवतीं कोंवळ्या बोटांची झालर असते. पाणी मानवलें कीं ती झालर उमलते, न मानवलें कीं मिटते. मालवणच्या समुद्रांतहि पोंवळीं आहेत. १९८७ सालीं तेथला कांहीं भाग सागरी अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यांत आला, आणि २००१ सालीं खडक बांधणाऱ्या पोंवळ्यांना भारतीय कायद्यानें वाघाच्या पंक्तीला बसविलें. त्यांचा तुकडा उचलणें हा आपल्याकडे गुन्हा आहे. इकडे हौशी लोक स्वतःच्या टाकींत वाढलेल्या फांदीचा तुकडा एकमेकांना देतात, जशी आपल्याकडे शेजारीण शेजारणीला जास्वंदीची फांदी देते. मुलीच्या टाकींतलें सर्वांत मोठें पोंवळें, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचें, असेंच एका मैत्रिणीनें दिलेल्या करंगळीएवढ्या तुकड्यापासून सात वर्षांत ओंजळीएवढें झालें होतें.

समुद्राचें पाणी म्हणजे मिठाचें पाणी, ही समजूत शाळेंत चौतीस वर्षें रसायनशास्त्र शिकवूनहि माझ्या मनांतून पुरती गेली नव्हती. एक किलो समुद्राच्या पाण्यांत सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकीं तीस ग्रॅम सोडियम व क्लोराइड, म्हणजे आपलें घरचें मीठ. उरलेल्या पांच ग्रॅमांतच समुद्राचें खरें समुद्रपण आहे. त्यांत मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमाच्या थोडें वर, कॅल्शियम अर्ध्या ग्रॅमाहूनहि कमी, आणि ज्याच्या साहाय्यानें पोंवळें आपला चुन्याचा सांगाडा बांधतें तो बायकार्बोनेट तर नांवापुरताच. लहानपणीं मीं शिरोड्याचीं मिठागरें पाहिलीं होतीं. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहामुळें त्या मिठागरांचें नांव घरोघर पोंचलें होतें. मिठागरांत पाणी आटत जातें तसा आधीं चुना खालीं बसतो, मग जिप्सम बसतें, मग मीठ धरतें. आणि मीठ ओढून घेतल्यावर मॅग्नेशियमनें भरलेलें कडू पाणी उरतें. आपल्या ताटांत येतें तें मीठ म्हणजे समुद्राचा एक भाग. पोंवळ्याचें पोट ज्यावर भरतें तें बहुतेक मिठागरांतच मागें राहतें. म्हणून स्वयंपाकघरांतल्या मिठानें समुद्र होत नाहीं. त्यासाठीं हे सर्व क्षार प्रमाणशीर मिसळलेलें निराळें मीठ बादल्या भरभरून विकत मिळतें.

हा उद्योग आजकालचा नव्हे. फिलिप गॉस नांवाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ सालीं समुद्रापासून दूर राहणाऱ्यांकरितां कृत्रिम समुद्रजल करून पाहिलें होतें. त्याच्या कृतींत साधें मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढे चारच पदार्थ. पुढें १८७२ ते १८७६ या काळांत ‘चॅलेंजर’ जहाज जगभर फिरून आलें. त्यानें आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यानें पृथक्करण करून पाहिले, आणि १८८४ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कोठलाहि महासागर घ्या, पाणी कमी खारट असो वा अधिक, त्यांतल्या मुख्य क्षारांचें एकमेकांशीं प्रमाण जवळजवळ तेंच. हा धडा मीं मुलांना दरवर्षीं शिकविला होता. ज्या जीवांची जात लाखों वर्षें अशा न बदलणाऱ्या पाण्यांत वाढली, त्यांना बदल म्हणजे काय हेंच ठाऊक नसणार, एवढा साधा अर्थ मात्र त्यांतून मीं कधीं काढला नव्हता.

प्रथम मुलीनें मला पाणी कालवावयास शिकविलें. माझा पहिलाच प्रयत्न फसला. मीं रिकाम्या पिंपांत मीठ ओतलें आणि त्यावर पाण्याची धार धरली. भाकरीच्या पिठांत पाणी घालावें तसें. पाहतां पाहतां सगळें पाणी दुधासारखें झालें आणि तें निवळेना. मुलगी हंसून म्हणाली, “बाबा, ही भाकरी नव्हे, उकड आहे. आधीं पाणी, मग पीठ.” तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. थोड्या पाण्यांत पुष्कळ मीठ पडलें कीं कॅल्शियम आणि कार्बोनेट तेथल्या तेथें एकमेकांना गांठतात आणि चुना होऊन खालीं बसतात. मग पोंवळ्याला द्यावयाचें तेंच पिंपाच्या बुडाशीं राहतें.

तेव्हांपासून मी तिची रीति सोडीत नाहीं. नळाच्या पाण्यांत काय काय असेल याचा नेम नाहीं, म्हणून तें गाळण्यांतून काढून जवळजवळ निःक्षार केलेलें घ्यावयाचें. तळघर थंडगार असतें, म्हणून पाणी टाकीइतकें, सुमारे पंचवीस अंश, कोमट करावयाचें. त्याहून फार तापवावयाचें नाहीं, कारण ऊन पाण्यांत चुना अधिकच लवकर खालीं बसतो. पाणी फिरवणारा लहान पंप सुरू करून मग मूठमूठ मीठ सोडावयाचें. मिठाची बादली उघडण्यापूर्वीं ती आडवी करून चांगली लोळवावयाची, कारण प्रवासांत जड-हलके कण निरनिराळे होऊन बसलेले असतात. मापानें घेण्यापेक्षां काट्यावर तोलणें बरें; मिठाला दमट हवा लागली कीं तें पाणी ओढून घेतें आणि माप खोटें पडतें. चाळीस लिटरांना साधारण दीड किलो लागतें. शेवटीं प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा दाखविणाऱ्या दुर्बिणीसारख्या नळींतून पाहावयाचें. ती नळीसुद्धां आधीं ३५ च्या ठराविक द्रावणावर ताडून घ्यावयाची, कारण तीहि चुकते. हें सगळें मी शिकलों, आणि शिकलों म्हणूनच मला गर्व झाला.

गेल्या वर्षीं मुलगी आणि जांवई आठ दिवस परगांवीं गेलीं. जातांना तिनें कागदावर लिहून ठेवलें होतें: शनिवारीं दहावा भाग पाणी बदलणें, अधिक नाहीं. मीं तो कागद वाचला आणि मनांत म्हटलें, दहावा भाग बदलल्यानें पोंवळ्यांचें भलें होतें, तर अर्धी टाकी बदलल्यानें किती होईल! आमच्याकडे वैशाखांत विहीर उपसतात ती काय दहावा भाग उपसतात? मुलगी परत येईल तेव्हां टाकी आरशासारखी दिसावी, एवढीच माझी इच्छा. पण बादलींत तेवढें मीठ नव्हतें. शेजारच्या गृहस्थांच्या गाडींतून मी दुकानांत गेलों. तेथें भिंतभर बादल्या आणि प्रत्येकीवर आंकडे. मास्तराला आंकडे दाखविले कीं तो गुणपत्रिका वाचूं लागतो. मीं सर्वांत अधिक गुण मिळविणारें मीठ उचललें. त्यांत कॅल्शियम अधिक, मॅग्नेशियम अधिक, आणि अल्कता, म्हणजे आम्ल पचविण्याची पाण्याची शक्ति, जर्मन अंशांत बारा. समुद्रांत ती सुमारे सात असते. मुलीच्या टाकींत ती वर्षानुवर्षें आठ होती. बारा हे आठांपेक्षां जास्त, म्हणून चांगले, असा माझा हिशेब झाला.

पाणी मीं उत्तम कालवलें होतें. त्यांत एक गांठ नव्हती, आणि खारटपणा बरोबर ३५. पण निम्मी टाकी बदलल्यानें आठांचे एका दुपारीं दहा झाले. संध्याकाळपर्यंत झालरी मिटल्या. तिसऱ्या दिवशीं मोठ्या पोंवळ्याच्या टोंकांवरचें कोंवळें अंग गळून आंतला पांढरा सांगाडा उघडा पडला. त्या दिवशीं मुलीचा फोन आला. तिनें विचारलें, “बाबा, सगळं ठीक ना?” मीं म्हटलें, “ठीक आहे.” पुढेंहि दोन दिवस मी तेंच म्हणालों. वर्गांत काचपात्र फोडून गप्प बसणाऱ्या किती मुलांना मीं उभें केलें होतें, त्यांची त्या दोन रात्रीं आठवण झाली. तिसऱ्या रात्रीं मीं होऊन तिला फोन केला आणि सर्व सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “आतां पुन्हां पाणी बदलूं नका. कांहींच करूं नका. मी येतें.”

माझ्या मनांत नेमकें तेंच होतें: जुन्या मिठाचें पाणी कालवून अर्धी टाकी पुन्हां बदलावी, म्हणजे दहांचे नऊ होतील. ती आली, तिनें नळींत पाणी घेऊन त्यांत थेंब मोजले, निळ्याचें पिवळें झालें, आणि आंकडा पाहून तिनें फक्त एक गोष्ट केली. पोंवळीं वापरतात त्याची भर म्हणून ती रोज थोडें क्षाराचें द्रावण टाकींत सोडीत असे, तें बंद ठेवलें. “वापरून वापरून आपोआप खालीं येईल. एकदां एकदम वर गेलं; आतां एकदम खालीं आणलं, तर उरलंसुरलंहि जाईल.” मग माझ्याकडे न पाहतां ती म्हणाली, “पाणी चांगलंच होतं, बाबा. फक्त त्यांना वेळ द्यायला हवा होता.”

ती हें पोंवळ्यांविषयींच बोलत होती. पण मला तेथें उभें राहवेना. तिची आई गेली तेव्हां ती बारा वर्षांची होती. महिन्याच्या आंत मीं तिला मालवणहून उचलून पुण्याला वसतिगृहांत ठेवलें. शाळा पुण्यांतल्या उत्तमांतली होती. मीं तेव्हांहि गुणपत्रिका वाचूनच निवड केली होती. आई गेलेली, त्यांत आजी सुटली, अंगण सुटलें, बोली सुटली, आणि मासळीचा वास नसलेल्या गांवांत ती एकटी पडली. दिवाळीला घरीं आली ती मिटलेली. विचारलें तर म्हणे, “ठीक आहे.” मी तिला अधिक चांगलें देत होतों, हें खरें; पण तिच्या आयुष्यांतलें पाणी मीं एका दुपारीं बदलून टाकलें होतें, हें तीस वर्षें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

पुढच्या शनिवारीं पिंपापाशीं मीं तें बोलून दाखविलें. “तुला पुण्याला पाठवलं, तेंहि असंच झालं.” ती पंपाची तोटी धुवीत होती. बऱ्याच वेळानें म्हणाली, “तेव्हां फार राग आला होता, बाबा. एक वर्ष रोज यायचा. शाळा मात्र खरंच चांगली होती.” आणि हात पुसून तिनें ती नळी माझ्या हातांत दिली.

दोन आठवड्यांनीं अल्कता आठांवर आली. मोठ्या पोंवळ्याच्या पांच फांद्या मेल्या. त्या तिनें कापून टाकल्या. बुंधा जगला, आणि कापलेल्या जागांवर आतां पुन्हां कोंवळें अंग चढतें आहे, महिन्याला नखभर. त्या श्रीमंत मिठाची बादली अजून तळघरांत आहे. तें मीठ वाईट नाहीं. ज्याची टाकी बाराच्या पाण्यावर चालत असेल त्याला तें उत्तमच. आमच्याकडे मात्र तेंच जुनें, मधल्या गुणांचें मीठ येतें, आणि दर वेळीं तितकेंच येतें.

आजहि शनिवार आहे. बाहेर बर्फ पडतें आहे, आणि तळघरांत पिंप घुमतें आहे. मी नळी उजेडाकडे धरून आंकडा वाचतों. “पस्तीस.” वरून मुलगी विचारते, “नळी ताडून घेतलीत ना?” मी म्हणतों, “घेतली.” मग ती आपल्या वहींत लिहून घेते.