एका बैलजोडीची बंदूक

आमच्या घरात एक दुनळी बंदूक होती. माजघरात कणगीच्या मागं भिंतीला दोन खुंट्या मारलेल्या होत्या, त्यावर ती आडवी असायची. आम्हा पोरांना तिला हात लावायची बंदी. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, अप्पा ती खाली घ्यायचे, तेलाच्या फडक्यानं पुसायचे आणि नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड यांच्या शेजारी पाटावर मांडायचे. हळदकुंकू, झेंडूचं फूल झालं की पुन्हा खुंटीवर.

ही बंदूक आजोबांनी घेतलेली. रेल्वेतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून. तेव्हा अक्कलकोट संस्थान होतं आणि आमच्या शिवारापलीकडं निजामाची हद्द लागायची. रझाकारांची भीती होती. सीमेवरच्या गावातली माणसं रात्री पाळीनं जागायची. आजोबांनी घरची खिलार जोडी विकली आणि ही बंदूक घेतली. आजीनं म्हणे दोन दिवस चूल पेटवली नव्हती. पेरणीला बैल नाहीत आणि घरात लोखंड आणून ठेवलंय म्हणून. पुढं १९४८ च्या सप्टेंबरात सोलापुराहून फौजा नळदुर्गाकडं निघाल्या, चारपाच दिवसांत निजाम शरण आला. आजोबांना एकही गोळी झाडावी लागली नाही. पण बंदुकीचं नाव घरात तेच पडलं, एका बैलजोडीची बंदूक.

आजोबांच्या मागं पीक संरक्षणाचा परवाना अप्पांच्या नावावर झाला. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं यायची, काळविटांचे कळप यायचे. अप्पा बांधावर उभे राहून हवेत एक बार काढायचे, बास. १९७२ च्या कायद्यानंतर काळविटाकडं नळी फिरवायची सोय नव्हती आणि अप्पांना तशी हौसही नव्हती. काडतुसं महाग म्हणून शेवटी शेवटी ते पत्र्याचा डबाच वाजवायचे. बंदूक मात्र दर निवडणुकीला ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, परवान्याचं नूतनीकरण करायचं. अप्पा म्हणायचे, ‘‘हिच्यापेक्षा म्हैस बरी, दूध तरी देती.’’ पण विकू का म्हटलं की गप्प बसायचे. मग कानडीत म्हणायचे, ‘‘इरली बिडु.’’ म्हणजे राहू दे.

२०१३ च्या डिसेंबरात अप्पा गेले. दिवसकार्य झाल्यावर मी बंदूक ठाण्यात जमा केली. परवाना माणसाचा असतो, बंदुकीचा नसतो. माणूस गेला की वारसानं हत्यार लगेच ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडं ठेवायचं. मग आपल्या नावावर परवाना मागायचा, किंवा ज्याला परवाना आहे त्याला विकायचं. मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होतं.

मी साठीकडं झुकलेलो. पोरं पुण्याला. धाकटा भाऊ सोलापुरात नोकरीला. दोघांनी बसून विचार केला आणि विकायचं ठरवलं. भाऊ म्हणाला, ‘‘दादा, जे येईल त्याला देऊन टाक. डोक्याला ताप नको.’’

बंदुकीच्या पहिल्या दुकानदाराचं नाव-गाव सांगत नाही. त्यानं पाणी दिलं, चहा दिला. बंदूक ठाण्यातून त्याच्याकडं जमा करून घेतली, पावती दिली. नळी मोडून एकदा उजेडाकडं बघितली, दस्त्यावर आजोबांनी गुंडाळलेली पितळी तार नखानं खरवडली आणि म्हणाला, ‘‘मालक, जुनं लोखंड आहे हे. आता असली कोण घेतंय? बारा हजार देतो, ते पण तुमच्या तोंडाकडं बघून.’’

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

‘‘करा की. पण ठेवणावळ महिन्याला चढत जाणार बघा. आणि निवडणूक आली तोंडावर. आचारसंहिता लागली की सहा महिने गिऱ्हाईक नाही.’’

एसटीत बसलो तेव्हा मन बारा हजारालाच तयार झालं होतं. ही आम्हा शेतकऱ्यांची जुनी खोड. तुरीचं पोतं घेऊन दुधनीच्या अडतीवर गेलो की समोरचा सांगेल तो भाव. परत न्यायला भाडं नाही, घरात ठेवायला जागा नाही, उधारीवाला दारात. माल आपला, पण घाईही आपलीच. पण बंदुकीला काही कीड लागणार नव्हती. मग घाई कशाची? तर ठेवणावळीची आणि मुदतीची. ती भीती त्यानं चहाबरोबर मला पाजली होती.

आजी आठवली. खिलार जोडीसाठी उपाशी बसलेली. बारा हजारात त्या वर्षी दोन बऱ्या शेळ्या आल्या असत्या. बैलजोडीचं सोडाच, बैलाची एक शेपूटही नाही.

शेजारच्या गावात फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. आयुष्यभर हत्यारं दुरुस्त करायचंच काम केलेलं. त्यांना घेऊन पुन्हा दुकानात गेलो. दुकानदाराचं तोंड जरा बारीक झालं.

हवालदारांनी नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढला, नळ्या वेगळ्या केल्या. एका बोटावर नळ्या टांगून धरल्या आणि दुसऱ्या हाताच्या नखानं टिचकी मारली. देवळातल्या घंटीसारखा आवाज निघाला, बराच वेळ घुमला. ‘‘ऐकलं का? दोन नळ्यांमधला सांधा पक्का आहे. फुटका असता तर बद्द वाजलं असतं.’’ मला हसू आलं. कुंभाराकडं मडकं घेताना आमच्या बायका हेच करतात. साठ वर्षं घरात असलेली वस्तू मी कधी वाजवून बघितली नव्हती.

मग त्यांनी नळ्यांच्या बुडाशी असलेले बारीक ठसे दाखवले. मुकुट, शंकरपाळ्याच्या चौकटीत १२ आणि सी, आणि ‘नायट्रो प्रूफ’ अशी अक्षरं. ही बर्मिंगहॅमच्या तपासणीघराची खूण. ते घर १८१३ पासून बंदुका तपासतंय. ‘नायट्रो’ ठसा म्हणजे काळ्या दारूच्या जमान्यातली नाही, नव्या दारूच्या काडतुसांना सोसणारी नळी. तो ठसा नसता तर खरंच जुनं लोखंड झालं असतं. मग नळ्या परत बसवून, तो लाकडी तुकडा न लावता, कानाशी धरून हलवली. खुळखुळ नाही. स्क्रूच्या खाचा बघितल्या, कोऱ्या. म्हणजे कुण्या अडाण्यानं पेचकस घालून खोललेली नाही. नळ्या तोकड्या कापलेल्या नाहीत.

खोटही निघाली. डाव्या नळीत तोंडाजवळ गंजानं बारीक खड्डे पाडले होते. अप्पा शेवटच्या वर्षांत पुसायचं विसरत असणार. आणि दस्ता चिरलेला, त्यावरच ती पितळी तार.

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाले, ‘‘परदेशी बंदुका आणायला ऐंशीच्या दशकातच बंदी घातली सरकारनं. तेव्हापासून चांगली विलायती दुनळी देशातल्या देशातच फिरतीय. नवीन येत नाही. मग किंमत खाली कशी जाईल? मुंगेरची साधी एकनळी असती तर मीच म्हटलं असतं, द्या आणि मोकळे व्हा.’’

तरी माझा पुरता विश्वास बसला नव्हता. म्हणून भाच्याला त्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. काचेच्या कपाटात आमच्यासारखीच एक विलायती दुनळी होती. तिचा भाव विचारला तर एक लाख दहा हजार. घ्यायची तर विलायती माल आणि विकायची तर जुनं लोखंड. आमच्या बैलबाजारात दलाल असंच करतात. तुमच्या बैलाचे दात मोजतात, स्वतःच्या बैलाची वशिंड दाखवतात.

दुकानदारानं कमवू नये असं माझं म्हणणं नाही. त्याचं भाडं आहे, परवाना आहे, वर्षवर्ष माल पडून राहतो. पण बारा आणि एकशेदहाच्या मधे किती रान पडीक आहे ते बघा.

मी बंदूक तिथून उचलली. ठाण्याला लेखी कळवून दुसऱ्या एका दुकानात ठेवली. हा माणूस सरळ निघाला. म्हणाला, ‘‘मी विकत घेत नाही. गिऱ्हाईक आणतो, पाच हजार दलाली घेईन, जी किंमत ठरेल ती तुमच्यासमोर ठरेल.’’ मधे मार्चात आचारसंहिता लागलीच. कामं रखडली. भावाचा फोन यायचा, ‘‘अजून न्हाई का विकली? बारा तर बारा!’’ एकदा तर म्हणाला, ‘‘दादा, मनातून विकायचीच न्हाई तुला, असं वाटतंय.’’ त्याच्या बोलण्यात दुसराही वास आला मला. दोघांची वस्तू, आणि व्यवहार एकटा दादाच करतोय. मी पावत्यांची एक पिशवी केली. हवालदारांना एसटीचं भाडं दिलं तेही लिहून ठेवलं.

निकालानंतर गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या तालुक्यातले द्राक्षबागायतदार, परवान्यावर दुनळी घ्यायची जागा मोकळी असलेले. त्यांनी बंदूक हातात घेतली तसं मीच सांगितलं, ‘‘डाव्या नळीत खड्डे आहेत. दस्ता चिरलाय, तार काढून बघा.’’ दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. पण हवालदारांनी मला हेच शिकवलं होतं. खोट आपण सांगितली की समोरच्याकडं भाव पाडायला काही उरत नाही, आणि पुढं आपण जे चांगलं सांगू ते त्याला खरं वाटतं.

‘‘किती?’’ त्यांनी विचारलं.

मला बाजारभाव नीट ठाऊक नव्हता. मला एकच माप माहीत होतं. मी म्हटलं, ‘‘आमच्या आजोबांनी खिलार जोडी देऊन घेतली होती. आज चांगली जोडी जेवढ्याला येईल तेवढं द्या.’’

ते हसले. शेतकरीच होते ते. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो, खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि जनावराच्या बाजारात करतात तशी बोटं दाबत बोललो. मी नव्वदवर होतो, ते पासष्टवर. अठ्ठ्याहत्तरला हात थांबले.

कोणाला विकतोय ते लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं, असा कायदा. थांबलो. त्यांच्या परवान्यावर नोंद झाली, पैसे बँकेत आले. दलालीचे पाच हजार आणि माझा खर्च वजा करून राहिले त्याचे दोन भाग केले. भावाच्या घरी जाऊन पावत्यांची पिशवी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उघडली नाही. बराच वेळ बसला आणि म्हणाला, ‘‘मी बाराला देऊन टाकली असती, दादा.’’

‘‘मी पण देणारच होतो,’’ मी म्हटलं.

माझ्या वाट्यात खिलार जोडी आली नाही, एक गाय आली. ती अजून आहे. त्या सालापासून तूर घेऊन जाताना मी आधी दोन अडतीवर फोन करून भाव विचारतो, ओलावा घरीच बघून जातो. दर वेळी उपयोग होतो असं नाही. तूर काही बंदुकीसारखी थांबत नाही. पण पहिल्या आकड्याला मान हलवत नाही एवढं खरं.

खुंट्या अजून तशाच आहेत. बायको त्यांवर चाळण अडकवते. खंडेनवमीला फाळ आणि विळे मांडताना मी पाटावर थोडी जागा मोकळी सोडतो. नातू विचारतो, इथं काय होतं? मी सांगतो, एक बैलजोडी होती.