गावात खर्च कमी? मग हिशेब मांडूया

पोस्ट लांब आहे. पण रिटायर होऊन गावी यायचं ज्यांच्या मनात आहे आणि ज्यांचे आई-वडील गावी एकटे आहेत, त्यांनी वेळ काढून वाचावी.

हल्ली मोबाईलवर एका प्रकारचे व्हिडीओ सारखे येतात. साठी ओलांडलेलं इंग्रज जोडपं स्पेनच्या किनाऱ्यावर बाल्कनीत बसून सांगतं, आमचं महिन्याला इतक्या युरोत मजेत भागतं. भाडं एवढं, बाजार एवढा, मासे एवढे. खाली आपल्यातलाच कोणीतरी लिहितो, "स्पेन कित्याक होया? मालवणाक ये, दहाव्या हिश्शात राजासारखो रवशीत!"

मी मुंबईत ३१ वर्षं खाजगी नोकरी केली आणि २०१६ साली मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन राहिलो. राजासारखा राहतो की कसा, ते हिशेब बघून तुम्हीच सांगा.

आधी जमेची बाजू. घर चार भावांचं सामायिक, पण भाडं नाही. घरपट्टी मुंबईच्या मेंटेनन्सच्या मानाने काहीच नाही. विहिरीला पाणी आहे. परसात नारळ, आंबा, फणस, कोकम, अळू. संध्याकाळी समुद्राचा वारा फुकट. हे सगळं खरं आहे आणि त्यासाठीच आम्ही आलो.

आता खर्च. किराणा मुंबईच्याच भावाने मिळतो, काही वस्तू दोन रुपये जास्तच. भाजी आणि पिशवीचं दूध घाट उतरून कोल्हापूर-बेळगावकडून येतं, त्याचं भाडं शेवटी आपल्याच पिशवीतून जातं. लोक म्हणतात, किनाऱ्यावर मासे तरी स्वस्त असतील. सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी लिलावातूनच हॉटेलांना, गोव्याला, मुंबईला जाते. आमच्या ताटात मोसमात तारले, बांगडे, पेडवे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सुके बांगडे आणि सुकट.

शिवाय गावचा मोठा खर्च दर महिन्याला दिसत नाही, तो वर्षातून दोन-चारदा एकदम अंगावर येतो. पावसाआधी घर शाकारायचं, वाशांना लागलेली वाळवी बघायची, आगोटीची बेगमी करायची. चतुर्थीत घर भरतं, तेव्हा हात आखडता घेऊन कसं चालेल? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमची निम्मी कौलं उडाली आणि दोन माड आडवे झाले. वीज कित्येक दिवस नव्हती. ती दुरुस्ती सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी पडली.

पूर्वी ही कामं वाडीतली माणसं एकमेकांची करत. आज तुझं घर शाकारलं, उद्या माझं. आता वाडीतली तरुण पोरं गोव्यात नाहीतर मुंबईत. नारळ पाडायलासुद्धा माणूस शोधावा लागतो, आणि मिळाला तर त्याची मजुरी योग्यच असते, पण रोख द्यावी लागते. गाव स्वस्त होता तो माणसांमुळे. माणसं गेली तशी प्रत्येक गोष्टीला पावती लागली.

आता पेन्शनकडे येऊ. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना महागाई भत्ता वाढून मिळतो. आम्हा खाजगीवाल्यांचं ईपीएस-९५. सूत्र सरळ आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये, त्याआधी ६,५०० होती. म्हणजे पुरी ३५ वर्षं १५,००० वर धरली तरी ७,५०० रुपये. मला तीन हजारांच्या आत मिळतात. भागतं ते फंडाच्या व्याजावर आणि मुलगा पाठवतो त्यावर. २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान पेन्शन १,००० रुपये केली, तिला महागाई भत्ता नाही. तेव्हा सबसिडीचा सिलिंडर चारशे-साडेचारशेला होता, हजारात दोन येऊन वर सुट्टे उरत. आज एक येतो.

आता त्या स्पेनवाल्या जोडप्याकडे परत बघा. त्यांचं भागतं त्याची कारणं व्हिडीओत कोणी सांगत नाही. ब्रिटनचं सरकारी पेन्शन दर एप्रिलला वाढतं. २०२४ ला ८.५ टक्के वाढलं, २०२५ ला ४.१ टक्के. ही वाढ स्पेनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरालाही मिळते. तोच माणूस भारतात राहायला आला तर त्याचं पेन्शन गोठतं, पहिल्या दिवशी जेवढं तेवढंच राहतं. दुसरं म्हणजे, सरकारी पेन्शन घेणाऱ्याचा स्पेनमधल्या सरकारी उपचाराचा भार ब्रिटन उचलतं. नव्याने जाऊन तिथे नोकरी न करता राहायचं तर स्पेन महिना २,४०० युरो उत्पन्नाचा पुरावा मागतं. आपल्या पैशात ते दोन लाखांच्या वर होतात. तिथली मासळी स्वस्त आहे म्हणून ते सुखी नाहीत. पेन्शन वाढतं आणि दवाखान्याची काळजी नाही, म्हणून मासळीचा भाव सांगायला त्यांना सवड आहे.

आमच्याकडे नेमक्या त्याच दोन जागा रिकाम्या आहेत. पेन्शनचं सांगून झालं. दवाखान्याचं ऐका.

आमच्या शेजारचे तात्या गिरगावातून रिटायर होऊन आलेले, वय ७१. एका रात्री अर्धांगाचा झटका आला. जवळच्या दवाखान्यात सांगितलं, आमच्याकडे या उपचाराची सोय नाही, पुढे न्या. गाडी शोधेपर्यंत तास गेला. मग शंभरेक किलोमीटर बांबोळी. जीव वाचला, उजवा हात गेला. आता तात्या आणि वयनी विरारला मुलाच्या वन-रूम-किचनमध्ये आहेत. जाताना वयनी म्हणाल्या, "मासळी नसली तर चलता रे, डॉक्टर नसलो तर कसा चलात?" घराला कुलूप आहे.

बांबोळी आमचा आधार, पण तो दुसऱ्या राज्याचा. २०१८ साली गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा आपल्याकडे आंदोलन झालं, ते विसरलात काय? ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही मोठी गोष्ट. ७० वर्षांवरच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, उत्पन्नाची अट नाही. ज्यांनी काढलं नसेल त्यांनी उद्याच काढा. पण ते कार्ड चालणारं रुग्णालय आणि त्यातला तज्ज्ञ डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसेल, तर रात्री दोन वाजता गाडीभाडं आपल्याच खिशातून जातं. एसटीत ७५ च्या पुढे प्रवास मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. छानच. पण दुपारची गाडी रद्द झाली की मोफत तिकिटाचं करायचं काय? स्पेशल रिक्षाच करावी लागते. आणि मुंबईला तपासणीला जायचं तर रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद.

आणखी एक बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. त्यातून रोजगार आला, तारकर्ली-देवबागच्या घरांत चार पैसे आले. पण बाहेरून सेकंड होम घेणाऱ्यांनी किनाऱ्याच्या जमिनीचे भाव असे चढवले, की गावच्या मुलाला गावात दोन गुंठे घेणं कठीण. स्पेनमध्येही हेच झालं. २०२४ च्या जुलैत मालोर्का बेटावर पाल्मा शहरात स्थानिक लोक हजारोंनी रस्त्यावर आले, पर्यटनामुळे आम्हाला राहायला घर परवडत नाही म्हणून. तेव्हा 'मालवण स्वस्त आहे, या' असं सांगताना कोणासाठी स्वस्त, हेही विचारूया.

मग गावी येऊ नये काय? जरूर या. आम्ही परत जाणार नाही. पण येताना भाजी-मासळीच्या हिशेबावर निर्णय घेऊ नका. रात्री छातीत दुखलं तर किती वेळात कुठे पोचू, याचा हिशेब आधी करा. घरदुरुस्ती आणि आजारपणाची रक्कम वेगळी काढून ठेवा. वाडीतल्या माणसांशी संबंध आजपासून जोडा, चतुर्थीपुरते नकोत.

आणि जे गावात आहोत त्यांनी ग्रामसभेत तीन गोष्टी लावून धरूया. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हृदय आणि मेंदूच्या झटक्यावर पहिल्या तासाचे उपचार मिळाले पाहिजेत. वाडीपर्यंतची एसटी फेरी आयत्या वेळी रद्द होता कामा नये. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ग्रामपंचायतीकडे हवी, म्हणजे रात्री कोणाला फोन करायचा ते ठरलेलं असेल. ईपीएसवाल्यांची महागाई भत्त्याची मागणी दिल्लीत आहे, तिथे आपल्या खासदारांनी बोलावं.

तुमच्या गावातून रात्री दवाखान्यात पोचायला किती वेळ आणि किती पैसे लागले, ते खाली लिहा. गावाचं नाव टाका. ग्रामसभेला जाताना तीच यादी घेऊन जाऊ.