संदकफूची वाट आणि जुन्या गाडीचं स्टिअरिंग

दार्जिलिंगला गेलात, टायगर हिलवरून सूर्योदय पाहिला, चहा घेतला आणि परतलात, तर एक मजा राहून जाते. नेपाळच्या सीमेला खेटून मानेभंज्यांग नावाचं छोटं गाव आहे. तिथून संदकफूला जायला जुन्या लँड रोव्हर मिळतात. ही गाडी १९४८ मध्ये इंग्लंडहून जगासमोर आली. इथल्या कित्येक गाड्या १९५० च्या दशकातल्या, चहामळ्यांच्या काळातल्या. आजही त्याच घरं चालवतात.

संदकफू ३,६३६ मीटर उंच, पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण. वाट साधारण ३१ किलोमीटरची. मेघमा, टुमलिंग, गैरीबास, काळीपोखरी करत ती चढते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. अशा वाटेवर सगळ्यांचा जीव ड्रायव्हरदादांच्या हातातल्या चाकावर असतो. या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही.

म्हणून सकाळी निघण्याआधी पाच मिनिटं गाडीजवळ उभे राहा. इथं ड्रायव्हरला 'दाजू' म्हणजे मोठा भाऊ म्हणतात. ते काय तपासतात ते पाहा. स्वतःची जुनी जीप किंवा ट्रक असेल, तर ही शिकवणी घरीही उपयोगी पडेल.

इंजिन बंद, पुढची चाकं सरळ. एकजण स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवतो, दुसरा खाली वाकून पाहतो. थोडा 'प्ले' या गाड्यांत असतोच. पण हात बराच फिरला आणि टायर हललंच नाही, तर हालचाल कुठे हरवते ते वरून खाली शोधायचं.

चाक धरून वर-खाली ओढलं आणि कॉलमच डुगडुगला, तर वरचं बुश झिजलंय किंवा क्लॅम्प ढिला आहे. कॉलम फिरतो पण खालचा आर्म उशिरा हलतो? मग दोष स्टिअरिंग बॉक्समध्ये. आधी त्यातलं तेल पाहायचं, मग अ‍ॅडजस्टिंग स्क्रू अगदी थोडा आवळायचा. जास्त आवळला तर स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. सांध्यांवर हात ठेवल्यावर 'टक' जाणवलं, तर तो बॉल जॉइंट बदलायचाच.

चॅसीच्या पुढच्या आडव्या भागात 'रिले' बसतो. त्यात दाबलेली जोरदार स्प्रिंग असते. तो रस्त्यावर उघडायचा नाही, ते काम जाणत्या मिस्त्रीचंच.

दाजू म्हणाले, "आज ही गाडी नको," तर वाद घालू नका. त्या दिवसाची कमाई सोडून ते तुमची काळजी करत असतात. दुसरी गाडी घ्या किंवा मुक्काम वाढवा. तुमची घाई त्यांच्या कानावर घालू नका, कारण ढिल्या स्टिअरिंगची खरी परीक्षा चढावर नाही, उतारावर होते.

आणि सगळं ठीक असेल, तर निर्धास्त बसा. पहाटे संदकफूवर आकाश स्वच्छ असलं, की कांचनजंगा, एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू एकाच वेळी दिसतात. परतताना मानेभंज्यांगला उतरलात, की दाजूंना चहा पाजायला विसरू नका.