सेदरच्या जेवणातली गार वडी

पेसाहात, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या वल्हांडण सणात, माझं ओव्हन बंद असतं. मिसरच्या गुलामगिरीतून सुटताना आमच्या पूर्वजांना कणीक फुगायलाही सवड मिळाली नाही, त्याची आठवण म्हणून आम्ही आठ दिवस (इस्राएलात सात) आंबवलेलं काही खात नाही, घरात ठेवतही नाही. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून निघालेली बेखमीर पोळी, मात्झा, तेवढी चालते. म्हणजे केक, बिस्किटं, नानकटाई सगळं गेलं. त्यात सेदरच्या, म्हणजे सणाच्या सुरुवातीच्या रात्रीच्या विधीपूर्वक जेवणाला मटण, आणि मांसाबरोबर दूध वर्ज्य. साय, खवा, आइस्क्रीम तेही बाद. मग जेवणानंतर गोड काय? आमच्या घरी ठरलेलं आहे: मात्झाचे थर लावून नारळाच्या दुधात गोठवलेली वडी.

इस्राएलातल्या आमच्या नातलगांकडे असाच प्रकार वनस्पती तेलाच्या तयार क्रीमनं करतात. ते फेटलं की भरपूर फुगतं, वडी उंच दिसते, पण ते टाळूला चिकटून बसतं आणि त्याला स्वतःची चव नसते. ठाण्यात दारावर नारळ मिळत असताना त्याच्या मागे लागावं असं मला कधी वाटलं नाही. आम्ही बेने इस्राएल यहुदी म्हणजे कोकणातली माणसं. अलिबागच्या आसपासच्या गावांत घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. मटणाच्या रश्शाला दाटपणा हवा तर आमच्या बायका नारळाचं दूध घालत आल्या. चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच आटतो. त्यामुळे ही वडी मला परकी वाटत नाही.

वडीचा जीव मात्र खजुराच्या शिऱ्यात, म्हणजे आटवलेल्या रसात आहे. सेदरच्या ताटात तो लागतोच, मी जरा जास्त करते. पाव किलो काळा, मऊ खजूर बिया काढून रात्रभर भिजवायचा, सकाळी त्याच पाण्यात उकळून मलमलच्या फडक्यातून पिळायचा. पहिली पिळणी सोपी जाते. मग चोथ्यावर थोडं गरम पाणी घालून पुन्हा पिळायचं, आणि खरा गडद रस तेव्हा येतो. हात तपकिरी होतात, फडकं कडक होतं. हा रस जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवायचा. सुरुवातीचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो. बुडबुडे बारीक होऊन तळाशी जड आवाज येऊ लागला की पातेल्यापासून हलायचं नाही. कालथ्यावर बोट ओढल्यावर रेघ राहिली की झालं. साखर घालून ही वडी होते, पण ती दगडासारखी गोठते. खजुरातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि ती पाण्याला गोठण्यापासून साध्या साखरेपेक्षा जास्त अडवते. म्हणून फ्रीझरमधून काढल्यावरही सुरी आत जाते.

तीन नारळांचं पहिलं, जाड दूध काढून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. वर घट्ट थर येतो, खाली पाणी उरतं. थर तेवढा उचलायचा. पाण्याचा मोह धरला तर दाताखाली बर्फाचे खडे येणारच. दोनशे ग्रॅम काळं, दुधाविना केलेलं चॉकलेट गरम पाण्यावर विरघळवून कोमट होऊ द्यायचं, मग त्यात शिरा आणि नारळाचा थर घालून फेटायचं. चिमूटभर मीठ विसरू नये.

मात्झा वाइनऐवजी मी काळ्या मनुकांच्या सरबतात बुडवते. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, किद्दुशला (पेल्यावरच्या आशीर्वादाला) आमच्याकडे हेच सरबत असतं. थाळीत सरबत, त्यात मात्झा आडवी सोडायची, उलटायची, लगेच उचलायची. उचलताना ती ताठ राहायला हवी. वाकली तर थरात तिचा लगदा होणार. कोरडी लावली तर सुरीखाली तुकडे उडतात. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी-हिब्रू हगादात, म्हणजे सेदरला वाचायच्या पोथीत, मात्झा करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत, आपल्याकडच्या पेहरावातल्या. आज माझ्या हातात पाकिटातली, यंत्रावर छिद्रं पाडलेली मात्झा असते, तरी ती उचलताना मला त्या बायका आठवतात. त्यांचं सगळं कसब त्या थोड्या मिनिटांत होतं, माझं या दोन-चार क्षणांत आहे. एक सांगून ठेवते: काही हसिदी (एका कर्मठ यहुदी पंथाच्या) घरांत पेसाहात मात्झा ओली करत नाहीत. असा पाहुणा यायचा असेल तर ही वडी करू नये, खजुराचा शिरा आणि फळं द्यावीत.

पावाच्या साच्यात बटर पेपर घालून आधी मिश्रण, मग मात्झा, असे चार-पाच थर लावायचे. वरचा थर मिश्रणाचाच हवा. झाकून रात्रभर गोठवायचं. नारळाचं तूप साधारण २४ अंशांना वितळतं आणि पेसाह एप्रिलच्या सुमारास येतो, तेव्हा ठाण्याच्या उकाड्यात वडी बाहेर काढून गप्पा मारत बसता येत नाही. इतरत्र पंधरा मिनिटं चालतील, इथे सात-आठ पुरे. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दाबात कापावी, म्हणजे थर सुटत नाहीत.

सेदर लांबतो. प्रश्न, गोष्ट, गाणी, चार पेले. मुलं मध्येच पेंगतात. त्यामुळे जेवण वाढायला घेतलं की कोणाला तरी वडीची आठवण ठेवायला सांगून ठेवा. ती अफिकोमनच्या, म्हणजे जेवणाच्या शेवटी खायच्या मात्झाच्या तुकड्याच्या, आधी पानात यायलाच हवी; अफिकोमन खाल्ल्यावर त्या रात्री दुसरं काही खायचं नसतं.