उरलेल्यांची साक्ष

जुन्या काळीं पोथीची नक्कल पुरी झाली म्हणजे नकलणारा शेवटीं पोथीच्याच तोंडून वाचकास विनवणी करीत असे. तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून मला सांभाळा, असा तिचा आशय. पहिल्या तिघांशीं कसें लढावें हें बासनांनीं व लाकडी फळ्यांनीं शिकविलें आहे. चौथ्याचा बंदोबस्त अजून कोणास साधलेला नाहीं. यंत्राच्या पोटांत ठेवलेल्या अक्षरांनाही हाच शत्रु सर्वांत जास्त छळतो, हें गेल्या उन्हाळ्यांत आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळालें.

आमचें वास्तव्य बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईस. मुकुंदराजांची समाधि येथेंच, दासोपंतांचीही येथेंच. दासोपंतांनीं (१५५१–१६१५) पंचीकरण सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा एका कापडावर लिहिलें. तीच त्यांची प्रसिद्ध पासोडी. अशा मुलखांत घरोघरच्या माळ्यांवर पोथ्या निघाव्या यांत नवल नाहीं. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयानें गेल्या आठ वर्षांत अशा पोथ्या उसन्या आणून त्यांचीं छायाचित्रें घेतलीं व मूळ पोथ्या ज्यांच्या त्यांस परत केल्या. त्यांपैकीं एक पोथी धन्याच्या पश्चात् मुलांनीं मोठ्या श्रद्धेनें राक्षसभुवनास गोदावरींत सोडली. तिचीं अक्षरें आतां काय तीं छायाचित्रांतच उरलीं.

हीं छायाचित्रें ठेवण्यासाठीं ग्रंथालयांत लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा एक सर्व्हर असून त्यांत चार डिस्क आहेत. त्यांची मांडणी समजण्यास मोठें गणित नको. तीन वह्यांत ओळीनें आंकडे लिहावे आणि चौथींत प्रत्येक ओळीच्या तीन आंकड्यांची बेरीज मांडावी. पुढें कोणतीही एक वही हरवली तरी उरलेल्या तिघींवरून ती जशीच्या तशी लिहून काढतां येते. यंत्र बेरजेऐवजीं शून्य-एकांचा सम-विषमपणा पाहतें, व हा हिशेब एकाच डिस्कवर न ठेवतां चौघींवर पाळीपाळीनें वांटतें; तत्त्व तेंच. लहान व स्वस्त डिस्क एकत्र जुंपून एका महागड्या डिस्कची बरोबरी करावी, ही कल्पना १९८८ सालीं बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं एका निबंधांत मांडली आणि तिला ‘रेड’ हें नांव दिलें. मात्र आमच्यासारख्या मांडणीस एकच वही हरवणें सोसतें. दुसरी हरवली कीं हिशेब तुटला.

आमच्याकडे दोन हरवल्या. पहिली डिस्क फाल्गुनांत विजेच्या एका झटक्यानंतर रांगेबाहेर पडली. यंत्रानें तशी सूचना पाठविली. परंतु ज्या पत्त्यावर ती गेली तो कोणी उघडीत नसे. तिघींवर काम चालू राहिलें, आणि चालू आहे म्हणूनच कोणास शंका आली नाहीं. वैशाखांत दुसरी थकली व सर्व्हरनें हात टेंकले.

पाहावयास आलेल्या एका गृहस्थांनीं तत्काळ उपाय सांगितला, कीं चौघींची रचना नव्यानें करावी. पुण्यास हेंच काम करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास आम्हीं दूरध्वनि केला. “सर, आधीं यंत्र बंद करा, मी येईपर्यंत कोणाला हात लावूं देऊं नका,” एवढेंच तो म्हणाला. नव्या रचनेंत क्रम किंवा माप जरासें चुकलें तर यंत्र जुन्या अक्षरांवरच नवा हिशेब लिहीत सुटतें, आणि मग मूळ शोधावयास जागाच राहत नाहीं, हें त्यानें मागाहून समजाविलें.

तो आला तो चार कोऱ्या डिस्क घेऊन. दोन दिवस त्यानें दुरुस्तीचें नांवही काढलें नाहीं. केवळ नकला केल्या. थकलेल्या डिस्कवर त्यानें जो प्रोग्रॅम लावला त्याची रीत आम्हांस ओळखीची वाटली. जें सहज वाचतां येतें तें तो प्रथम उतरून घेतो, अडलेल्या जागांची टांचणें ठेवतो, आणि मग सावकाश त्या जागांकडे परत वळतो. जीर्ण पोथी नकलणारा शहाणा माणूस याहून निराळें काय करतो?

प्रत्येक डिस्कवर तिचें स्थान व घडामोडींचा अनुक्रमांक यांची नोंद असते. दोघींचा अनुक्रमांक एकच निघाला. वैशाखांत पडलेली किंचित् मागें होती. फाल्गुनांत पडलेली फार मागें. म्हणून पहिल्या तिघींच्या नकला त्यानें जुळविल्या आणि सर्व संग्रह केवळ वाचण्यापुरता उघडला. तो उघडला, पण थकलेल्या डिस्कवरील कांहीं जागा वाचल्या गेल्या नव्हत्या, आणि गोदावरींत गेलेल्या पोथीचीं एकोणीस पानें नेमकीं तेथें होतीं.

येथें त्यानें मागें पडलेल्या डिस्ककडे पाहिलें. तिला गेल्या दोन महिन्यांचें कांहीं ठाऊक नव्हतें. परंतु तीं पानें तीन वर्षांपूर्वींचीं, आणि त्या जागेवर पुढें कोणी कांहीं लिहिलेलें नव्हतें. तेवढ्यापुरती तिची साक्ष ग्राह्य धरून त्यानें अडलेल्या जागा हिशेबानें भरल्या. एकोणीस पानें उघडलीं. ओव्यांचे अंक सलग लागले. फाल्गुनानंतरचीं पांच छायाचित्रें मात्र गेलीं. सुदैवानें त्या पोथ्या अजून घरीं आहेत.

एकनाथांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, किंवा पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां हाच विवेक लागला. कोणती प्रत कोठपर्यंत विश्वासार्ह हें ठरवावयाचें. एका ठिकाणीं चुकली म्हणून ती सर्वस्वीं टाकावयाची नाहीं. परंतु हा विवेक चालण्यास प्रती अनेक हव्यात. राजवाड्यांनीं बीडच्या पाटांगणांत मिळालेल्या पोथीवरून १९०९ सालीं ज्ञानेश्वरी छापली. ती मूळ पोथी आज अभ्यासकांस उपलब्ध नाहीं. राजवाड्यांनीं एखादें अक्षर कसें वाचलें याविषयीं शंका आली तर विचारावें कोणास? छापील पुस्तक तेवढें हातीं आहे.

आणि चार डिस्कांची ही रचना म्हणजेही अनेक प्रती नव्हेत. चौघी एकाच पेटींत, एकाच विजेवर. आग लागली तर चौघींस एकदमच लागेल. आमच्या विद्यार्थ्यानें मोबदला म्हणून एकच गोष्ट मागितली, कीं संग्रहाची संपूर्ण नक्कल दुसऱ्या गांवीं ठेवावी व दर महिन्यास ती उघडून पाहावी. ती आतां लातूरास आहे. पहिल्या महिन्यांत ती उघडून पाहण्याचें काम आमच्याकडे आलें तेव्हां आम्हीं पहिल्यानें तीं एकोणीस पानें काढलीं. ज्या वाचकांच्या माळ्यावर अद्याप एखादें बासन असेल, त्यांनीं तें नदीस देण्यापूर्वीं आठ दिवस कोणत्याही जवळच्या ग्रंथालयास द्यावें, एवढीच विनंती.