भिवंडीची वॉकिंग टूर

मागे ऑफिसच्या कामासाठी एस्टोनियातल्या टालिनला गेलो होतो, तेव्हा एका रविवारी तिथली वॉकिंग टूर केली. दगडी गल्ल्या, तटबंदी, आणि चौकातलं एक औषधाचं दुकान. त्याची नोंद १४२२ सालापासूनची आणि दुकान अजून चालू! गाईडबाईंनी प्रत्येकाला गाव विचारलं. मी म्हटलं, "मुंबई."

चक्क खोटं. माझं गाव भिवंडी. पण भिवंडी म्हटलं की समोरचा एक तर ट्रॅफिकबद्दल बोलतो, नाहीतर दंगलींबद्दल. त्यापेक्षा मुंबई बरी.

ते टोचत राहिलं. म्हणून गेल्या रविवारी बाबांना म्हटलं, चला, मला भिवंडी दाखवा. "इथे काय बघायचंय?" असं म्हणेपर्यंत त्यांनी चपला घातल्या पण होत्या :)

वऱ्हाळा तलावाला एक चक्कर, देवीला नमस्कार, मग पद्मनगर. ही तेलुगू पद्मशाली विणकरांची वस्ती. गल्लीत शिरलं की मागांची खडखड सुरू. बाबांनी जन्मभर अशाच एका कारखान्यात हिशेब लिहिले, त्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला. तेच मधेच थांबले आणि म्हणाले, "आतला एक माग बंद पडलाय बघ." मला तर सगळी खडखड एकच वाटत होती!

पुढे तीन बत्तीवरून निझामपुरा. इथे जुने कोकणी मुसलमान आणि नंतर उत्तर प्रदेशातून हातमागाची विद्या घेऊन आलेले मोमीन-अन्सारी. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली ती १६५७ साली. त्यानंतर इथल्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली असं मानतात. म्हणजे माझ्या गावालाही साल आहे की!

शेवटी कामवारी नदी. पाण्याचा रंग काय सांगावा... तिथे उभं राहून बाबा पहिल्यांदाच १९८४ च्या मे महिन्याबद्दल बोलले. आम्ही तेव्हा गाव सोडणारच होतो म्हणे. सामान बांधून झालं होतं. "मग?" "शेजारच्या चाचांनी ते परत सोडवायला लावलं."

१९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्हीकडची माणसं एकत्र बसायला लागली. बाबा आणि चाचाही त्यात होते. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. "त्या रात्री आम्ही दोघं नाक्यावर बाकड्यावर बसून होतो. थंडी फार होती," एवढंच म्हणाले.

ते बाकडं आता नाही. तिथे मोबाईलचं दुकान आहे. पण टूर तिथेच थांबवली. टालिनमध्ये गाईडला टिप द्यायची पद्धत आहे. आमच्या गाईडने कटिंग चहावर भागवलं, आणि पैसेही स्वतःच दिले.

असो. पुढच्या वेळी कुणी गाव विचारलं, तर मात्र खरं सांगणार.