झिजेची पारख

वस्तू दोन प्रकारांनी निकामी होतात. काही एकाएकी मोडतात, काही कणाकणाने झिजतात. कपाचा कान तुटला तर ते साऱ्या घरास तत्काळ कळते. झिजणारी वस्तू मात्र रोज इतकी थोडी बदलते, की आपली सवयही तिच्याबरोबर बदलत जाते आणि बिघडलेले तेच आपणांस सरळ वाटू लागते. माझ्या सायकलच्या बुटांखालील क्लीटकडे पाहिले म्हणजे हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

क्लीट म्हणजे बुटाच्या तळाशी तीन स्क्रूंनी बसविलेला प्लास्टिकचा त्रिकोणी तुकडा. तो पेडलमध्ये खट्कन अडकतो व टाच बाहेर वळविताच सुटतो. पूर्वीचे शर्यतपटू पाय पट्ट्याने पेडलला आवळून घेत. स्कीला बूट जखडण्याची साधने करणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये तीच युक्ती सायकलीस लावली, आणि पुढच्याच वर्षी बेर्नार इनोने त्या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकली.

क्लीटचे काम दुहेरी आहे: पायास धरून ठेवणे आणि वेळेवर सोडणे. ती झिजली म्हणजे दोन्हींचा भरवसा जातो. घाटाच्या चढावर उभे राहून जोर करताना पाय अवचित निसटतो; नाही तर भर चौकात सुटता सुटत नाही. याहून सूक्ष्म अपाय गुडघ्यास होतो. पेडलवर बूट डुलू लागला, की त्याचा ताण गुडघ्यास सोसावा लागतो. पन्नाशीनंतर गुडघा दुखला तर आपण मुकाट्याने वयास दोष देतो. परंतु वयाची झीज भरून निघत नाही, क्लीटची निघते; म्हणून निदान तपासणी तरी आधी तिची करावी.

ही तपासणी किलोमीटर मोजून होत नाही, कारण क्लीट चालविण्यापेक्षा चालण्याने अधिक झिजते. चहाच्या टपरीपर्यंतची वीस पावलेही तिला महाग पडतात. चौकात जो पाय आपण टेकतो त्याची क्लीट आधी जाते. तेव्हा बूट उलटा करून पाहावा. पुष्कळ क्लीटच्या कोपऱ्यांवर रंगीत थर असतो. तो जाऊन खालचा काळा भाग उघडा पडला, पुढची ओठासारखी कड पातळ झाली, किंवा पाय पूर्वीपेक्षा फार सहज वा फार कष्टाने सुटू लागला, तर बदलण्याची वेळ आली असे समजावे. डोंगरी सायकलींच्या लहान पोलादी क्लीट अधिक काळ टिकतात, पण त्याही अमर नव्हेत.

जुनी क्लीट काढण्यापूर्वी तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढावी, म्हणजे नवी त्याच जागी बसते. एकच झिजलेली दिसली तरी जोडी बदलणे बरे.

नवी क्लीट पहिले काही दिवस ताठर आणि परकी वाटते. तिला नावे ठेवण्याची घाई करू नये. मुळात जुनीही अशीच होती. मधल्या काळात आपण किती सैल चालवून घेत होतो, एवढेच ती आपणांस सांगत असते.